मांडी नको, उलटी सीट हवी

गाडीत बाळ आईच्या मांडीवर असलं की काळजी नाही, असं घरोघरी मानतात. पण ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळली, तर पाच किलोचं बाळ शंभराहून जास्त किलोंच्या जोराने पुढे फेकलं जातं. कितीही घट्ट धरलं तरी ते हातात राहत नाही.

म्हणून मागच्या सीटवर बाळाची कार सीट बांधायची, आणि तीही उलटी, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. तान्ह्याचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं आणि मान कच्ची. पुढे तोंड असेल तर धक्क्यासरशी डोकं झेपावतं, सगळा ताण मानेवर येतो. उलटं असेल तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीत रुततात. पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर ही सीट तिथे मुळीच लावू नका. फुगणारी पिशवी बरोबर बाळाच्या डोक्यामागे आदळते.

पट्टे बाळाच्या खांद्यालगत किंवा किंचित खालून निघायला हवेत. बकल लावलं की खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरा. घडी आली तर पट्टा सैल आहे. चिमूट नुसती घसरली तर बरोबर. जाड स्वेटर आधीच काढा, कारण धक्क्यात तो दबतो आणि पट्टा ढिला पडतो. थंडी असेल तर दुपटं पट्ट्यांवरून पांघरा.

आता हनुवटीकडे बघा. सीट फार उभी असली की झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकते, इवलीशी श्वासनळी दुमडते, आणि बाळ आवाजही करत नाही. सीटवरच्या खुणेप्रमाणे कल ठेवा, शेजारी कुणीतरी मोठं माणूस बसवा. दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढा, सपाट निजवा. पहिल्या काही आठवड्यांत तर अर्ध्या तासाहून लांबचा प्रवास शक्यतो टाळाच.

दूध थांबलेल्या गाडीतच पाजायचं, मग ढेकर काढायची. सहा महिन्यांच्या आत उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, दूधच जरा लवकर लवकर द्या. खिडकीला जाळी लावा. सीटवर ओढणी टाकू नका, आत हवा कोंडते.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बाळाला बसवण्याआधी बकलचं लोखंड आपल्या मनगटाला लावून बघा, ते चटका देण्याइतकं तापलेलं असतं. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहाएक अंशांनी चढतं, तेव्हा दुकानात पटकन जाऊन यायचं असलं तरी बाळ कडेवर घेऊनच उतरा.