खाडीच्या चिखलातील निवटी

ओहोटी लागली म्हणजे मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेस ठाणे खाडीच्या आणि बोरिवलीजवळ गोराई खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी लहान मासळी दृष्टीस पडते. हीच निवटी होय. गोबी गटातील या मासळीचे पोटाखालचे पर एकमेकांस जोडलेले असतात. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी साठवून व ओलसर कातडीतून प्राणवायू घेऊन ती पाण्याबाहेर तग धरते. अंग सुकू नये म्हणून ती चिखलात लोळते.

चिखलावरील सूक्ष्म शेवाळ हे तिचे खाद्य, आणि चिखलातील बीळ हे तिचे घर. अंडीही ती बिळातच घालते. कोळी बांधव तिला बिळातून हाताने पकडतात. तिचे कालवण कोळीवाड्यांत आवडीने खाल्ले जाते.

साहजिकच चिखल गेला की निवटीही जाते. भराव व राडारोडा पडला म्हणजे बिळे बुजतात आणि पुढची पैदास खुंटते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यातील तिवरांच्या तोडीस मनाई केली. २०२२ साली ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तथापि, केवळ कायद्याने चिखल राखला जात नाही. खाडीकाठच्या रहिवाशांनी तेथे कचरा टाकू नये, आणि मासेमारांनी लहान निवट्या परत सोडाव्यात, हेच हिताचे होय.