दुकानातील रॅकची मालवाहतूक : भाड्याइतकीच नोंदही महत्त्वाची

बंगळुरू : बनशंकरीसारख्या बाजारपेठेतून लोखंडी रॅक व काचेच्या शोकेस परराज्यात पाठविताना व्यापाऱ्याचे लक्ष प्रामुख्याने भाड्याकडे असते. मात्र भाडे मालाच्या बांधणीवर, तर नुकसानभरपाई बव्हंशी कागदोपत्री नोंदीवर अवलंबून असते.

जीएसटी वर्गीकरणात सुटे रॅक व शोकेस सामान्यतः ‘९४०३’ या फर्निचरच्या शीर्षात येतात. कायमस्वरूपी उभारायच्या मोठ्या पोलादी रॅक ‘७३०८’ मध्ये मोडतात. मालाचे मूल्य ५० हजार रुपयांहून अधिक असल्यास आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल आवश्यक ठरते.

वाहतूकदार बहुधा प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे आकारतात. २ मीटर उंच, १ मीटर रुंद व अर्धा मीटर खोल रॅक जोडलेल्या स्थितीत १ घनमीटर जागा व्यापतो. तोच सुटा करून १० सेंटीमीटर जाडीचा गठ्ठा बांधल्यास जागा एक-पंचमांश लागते. नट-बोल्ट पिशवीत घालून त्याच गठ्ठ्याला बांधावेत. काचा फोममध्ये गुंडाळून लाकडी खोक्यात उभ्या ठेवाव्यात.

रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ व त्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराचे दायित्व सामान्यतः भाड्याच्या १० पटींपुरते मर्यादित असते. म्हणजेच ४ हजार रुपये भाड्याच्या, १ लाख रुपयांच्या मालाला कमाल ४० हजार रुपये भरपाई मिळू शकते. अधिक संरक्षणासाठी मूल्य घोषित करून वाढीव जोखीम-दर भरावा लागतो. दावा दाखल करण्यापूर्वी, बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी सूचना देणेही बंधनकारक आहे.