चार्जरनं उघडलेलं दार

उलट्या सेलपासून संरक्षण बसवलेली बॅटरी जळून परत आली, तेव्हा रिसोडच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात काका-पुतण्या दोघंही गप्प झाले.

रब्बीचे दिवस. शेतीपंपाला वीज रात्रीची. हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलताना डोक्याला बांधलेली बॅटरी मंदावली, की शेतकरी खिशातला दुसरा लिथियम सेल अंधारातच बसवतो. १८६५० सेल म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब नळकांडं. चपट्या तोंडाच्या सेलची दोन्ही टोकं बोटांना सारखीच लागतात. उलटा बसला, की आतलं सर्किट जळालंच.

काकांनी आधी साधा डायोड लावला होता. सर्किट वाचलं, पण ३.७ व्होल्टच्या सेलमधले ०.७ डायोडनंच खाल्ले. "उजेडच मेला नं बे!" मग अधिकच्या पत्तीभोवती प्लास्टिकचे उंचवटे चिकटवले. उलटा सेल पत्तीला टेकेना, पण चपटा सेल सुलटा घातला तरी टेकेना.

आयटीआय केलेल्या पुतण्यानं मग मॉस्फेट बसवला, म्हणजे विजेच्या वाटेतलं एक दारच. सेल सुलटा असेल तर हे दार उघडतं, उलटा असेल तर बंदच राहतं, आणि व्होल्टेज जवळजवळ वाया जात नाही. टेबलावर उलटा सेल घालून पाहिला, काहीच जळालं नाही. आणि आता ही बॅटरी!

"झालं काय होतं, भाऊ?" पुतण्यानं गिऱ्हाइकाला विचारलं.

"रात्री सेल टाकला, पन लागलीच नाही. वाटलं सेल उतरला. मंग म्या चार्जिंगले लावली."

पुतण्यानं कान टवकारले. त्यानं तशीच दुसरी बॅटरी उघडली, सेलच्या वाटेत छोटा बल्ब जोडला आणि सेल मुद्दाम उलटा घातला. बल्ब विझलेलाच. मग चार्जरची पिन खोचली. बल्ब भक्कन पेटला!

मॉस्फेट दार उघडायचा तो पलीकडचं व्होल्टेज पाहून. ते आता सेलचं नव्हतं, चार्जरचं होतं. चार्जरनं दार उघडलं आणि उलट्या सेलशी त्याची थेट गाठ पडली. दोघांचं व्होल्टेज एकमेकांत मिळालं. मध्ये बल्ब नसता, तर चार्जिंगची चिप जळाली असती आणि सेलही तापला असता.

पुतण्यानं सर्किट बदललं. सेलची दिशा सेलकडूनच ओळखणारा एक छोटा ट्रान्झिस्टर जोडला. सेल उलटा असेल, तर चार्जर लावलेला असतानाही तो मॉस्फेट बंद धरून ठेवतो. पुन्हा उलटा सेल, पुन्हा पिन. बल्ब पेटला नाही. सेल सुलटा केला आणि चार्जिंग सुरू झालं.

काका मात्र डोळे मिटून सेल चाचपत होते. "हे पाय, अधिकच्या टोकाजवळ अंगालेच खाच लागते." त्यांनी बॅटरीच्या डब्यात त्याच बाजूला एमसीलचा टपोरा ठिपका दिला. "खाच ठिपक्याकडं, येवढंच सांगायचं गिऱ्हाइकाले. सेल उलटा बसलाच नाही, तर तुह्या ट्रान्झिस्टरले कामच काय?"