ईशिंगच्या चहादाण्या व त्यांवरील मुद्रांचें प्रामाण्य

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं एक चिनी चहादाणी आम्हांस दाखविली. मातीची, झिलई नसलेली, पिकल्या जांभळासारख्या रंगाची. बुडावर चौकोनी मुद्रा होती व तींतील अक्षरें त्यांनीं जाणत्याकडून वाचवून घेतलीं होतीं. नांव निघालें छन मिंग-युआन, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्धीस आलेल्या कारागिराचें. तेव्हां वस्तु तीनशें वर्षांची ठरली, असें स्नेह्यांचें म्हणणें. पोथीच्या पुष्पिकेंतील शक हाच त्या प्रतीचा शक, असें मानणारे आपल्यांतही आहेत; नक्कल करणारानें मूळ प्रतीची पुष्पिका शकासकट उतरली असेल, ही शंका त्यांस शिवत नाहीं. मुद्रेचें प्रामाण्य याच जातीचें आहे, हें येथें दाखवावयाचें आहे.

या चहादाण्यांचें मूलस्थान च्यांगसू प्रांतांत ताई सरोवराच्या पश्चिमेस असलेलें ईशिंग होय. तेथील मातीस 'त्झूशा', म्हणजे 'जांभळी वालुका', म्हणतात. ती डोंगरांतून दगडासारखी निघते. उघड्यावर ऊनपावसांत फुटूं देऊन मग दळतात, चाळतात व भिजवून मुरवितात. मिंग वंशाच्या पहिल्या सम्राटानें 1391 सालीं दाबलेल्या चहाच्या वड्यांची खंडणी बंद केली. पुढें सुटीं पानें गरम पाण्यांत भिजवून चहा करण्याची चाल रूढ झाली व लहानशा चहादाणीस महत्त्व आलें.

चौ काओ-छी नामक गृहस्थानें सतराव्या शतकांत या चहादाण्यांवर ग्रंथच लिहिला. त्यांतील परंपरेप्रमाणें, 'सुवर्णवालुका' या अर्थाचें नांव असलेल्या मठांतील एका भिक्षूचें कौशल्य पाहून कुंग छुन नामक सेवकानें ही कला उचलली. त्याची म्हणून सांगितली जाणारी, झाडाच्या गांठीच्या आकाराची एक चहादाणी 1928 सालीं सूचौ येथें मिळाली. हुआंग यू-लिन या कारागिरानें तो आकार भोपळ्याचा समजून तिला देंठाचें झांकण केलें होतें. चित्रकार हुआंग पिन-हुंग यानें ती चूक दाखविली व पै शि-मिन यानें दुसरें झांकण घडविलें. त्यानंतर कू चिंग-चौ (1915–1996) या श्रेष्ठ कारागिरानें सबंध चहादाणीच हुआंग यू-लिनची असावी, असें मत दिलें. मग स्वतःच्याच भांड्याचा आकार तो चुकला कसा, हें कोडें उरतेंच!

याउलट, जिच्या काळाविषयीं वाद नाहीं अशी जुनी चहादाणी नानकिंगजवळ वू चिंग नामक राजसेवकाच्या 1533 सालच्या थडग्यांत सांपडली. तिच्यावर कर्त्याचें नांव नाहीं. अंगावर झिलईचे थेंब मात्र आहेत, कारण तेव्हां या चहादाण्या झिलईच्या रांजणांबरोबर एकाच भट्टींत उघड्या भाजीत. वेगळ्या मातीच्या डब्यांत ठेवून भाजण्याची रीत मागाहून आली. असा थेंब आमच्या मतें दहा मुद्रांहून बोलका आहे.

नांव घालण्याची रीतही बदलत गेली. शी ता-पिन हा प्रथम सुलेखकाकडून शाईनें अक्षरें लिहवून घेऊन बांबूच्या सुरीनें कोरी, पुढें स्वतःच कोरूं लागला. त्याचें नांव असलेल्या चहादाण्या 1612 व 1629 सालच्या थडग्यांतून निघाल्या आहेत. तेथें नांवास स्थळाचा आधार आहे. पुढें ठशाची मुद्रा रूढ झाली, आणि ठसा काय, कोणीही कोरूं शकतो. उपर्युक्त कू चिंग-चौ यांनींच तरुणपणीं शांघायमधील एका विक्रेत्यासाठीं जुन्या कारागिरांच्या नांवानें प्रतिकृति केल्या होत्या. हात इतका उत्तम कीं परीक्षक फसले.

मग परीक्षा कशाची करावी? घडणीची. ईशिंगची गोल चहादाणी फिरत्या चाकावर ओढून काढीत नाहींत. लांकडी मोगरीनें माती ठोकून सारख्या जाडीची पट्टी करितात, ती वळवून दोन्ही टोकें जोडितात व नळकांडें तयार होतें. तें लहान फिरत्या पाटावर ठेवून, आंत एका हाताचीं बोटें धरून, बाहेरून पातळ थापीनें हळूहळू ठोकतात. कांठ आंत वळत येतो, तो मातीच्या चकतीनें बंद करितात. मग भांडें उलटें करून दुसरें टोकही तसेंच. पोटास गोलाई येते ती केवळ ठोकण्यानें. चौकोनी चहादाणी चार पट्ट्या जोडून करितात. तोटी, कान व झांकण निराळीं घडवून बसवितात, आणि शेवटीं शिंगाच्या पातळ पात्यानें अंग घोटतात. बाहेरून घोटलें तरी आंत, बहुधा कानाच्या बाजूस, उभा जोड सूक्ष्म दृष्टीस दिसतो. जोड असला म्हणजे वस्तु जुनी, असें मात्र नव्हे. ही रीत आजही चालू आहे व 2006 सालीं चीननें ती आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादींत घातली. जोड हातघडणीची साक्ष देतो, वयाची नाहीं.

आम्हीं झांकण काढून आंत दिवा धरला. जोड कोठेंच आढळला नाहीं. बुडापासून कांठापर्यंत एकसारख्या वळ्या मात्र बोटास लागल्या, म्हणजे भांडें चाकावर ओढलेलें. स्नेही क्षणभर गप्प राहिले. हल्लीं ते तींत रोजचा चहा करितात, आणि तो उत्तम होतो असें सांगतात.