टाम्पेरेची शर्यत आणि आपल्या मुलींचा दाखला

१२ जुलै २०१८ चा दिवस. फिनलंडमधील टाम्पेरे शहरात वीस वर्षांखालील मुलामुलींची जागतिक मैदानी स्पर्धा चालू होती. मुलींच्या ४०० मीटर शर्यतीच्या अंतिम फेरीत आसामची हिमा दास उभी होती. वय वर्षे अठरा. शेवटच्या वळणापर्यंत ती मागेच होती. मग सरळ पट्टा लागला आणि या पोरीने एकेकीला मागे टाकीत ५१.४६ सेकंदांत शर्यत जिंकली! दुसरी आलेल्या रुमानियाच्या मुलीची वेळ होती ५२.०७. जागतिक मैदानी स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीचे सुवर्णपदक त्याआधी एकाही भारतीयाला, पुरुषाला वा स्त्रीला, मिळाले नव्हते.

ही स्पर्धा १९८६ साली अथेन्समध्ये सुरू झाली. ती साधारणपणे दर दोन वर्षांनी भरते. २०१६ साली पोलंडमध्ये नीरज चोप्राने ८६.४८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले आणि पुढे २०२१ मध्ये टोकियोला तो ऑलिंपिक विजेता झाला. म्हणजे मोठ्या मैदानाचा दरवाजा इथूनच उघडतो.

हिमा नगाव जिल्ह्यातील धिंगजवळच्या खेड्यातली. बाप भातशेती करणारा. ती शेतात मुलांबरोबर फुटबॉल खेळायची. पुढे निपोन दास या प्रशिक्षकांनी तिला हेरले आणि आईबापांची समजूत घालून तिला सुमारे १४० किलोमीटरवरच्या गुवाहाटीस नेले. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच ती टाम्पेरेला पोहोचली.

पण बंधू-भगिनींनो, पुढची गोष्टही ऐका. उपान्त्य फेरीनंतर ती पत्रकारांशी बोलली, तर आपल्याच देशाच्या ॲथलेटिक्स महासंघाने तिचे इंग्रजी कच्चे असल्याचे जाहीरपणे लिहिले! लोक चिडले, तेव्हा महासंघाने माफी मागितली. आणि ती जिंकल्यावर इंटरनेटवर लोक काय शोधू लागले? हिमा दासची जात! २०१६ साली पी. व्ही. सिंधूने ऑलिंपिक पदक मिळविले, तेव्हाही हेच झाले होते. पोरगी देशासाठी धावते आणि देश विचारतो, कुणाची गं तू?

आपल्याला हे नवे नाही. पाळवणकर बाळू हे आपल्याच समाजातले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारे खेळाडू आत चहा घ्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. चेंडू चालत होता, हात चालत नव्हता. त्यांचेच भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेही फार झगडल्यावर. धावण्याच्या शर्यतीत एक बरे असते. घड्याळ जात विचारीत नाही. मात्र घड्याळापर्यंत पोहोचण्याची वाट सर्व काही विचारते. पैसा विचारते, ओळख विचारते आणि कागद विचारते.

कागदावरून एक गोष्ट सांगतो. आमच्या भागातली एक मुलगी अनवाणी धावून तालुक्यात पहिली आली. आई आंबा-काजूच्या बागेत मजुरीला जाते. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी कागद मागितले. जन्मदाखल्यावर एक तारीख आणि शाळेच्या रजिस्टरात १ जून, तीही वर्षभर आधीची. लवकर शाळेत घालायचे म्हणून कुणीतरी वर्ष वाढविलेले. अर्ज परत आला. मी घरी गेलो, तर आई म्हणाली, "मास्तरान लिवल्यान, आमका काय म्हायत?" आणि थोड्या वेळाने म्हणाली, "जावंदे भाऊ, धावान काय पोट भरतला?" मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. त्या वर्षापासून तिने धावणे सोडले.

मला राग आला तो माझाच. मी कारकून माणूस, दिवसभर लोकांचे अर्ज तपासतो. १४ एप्रिलला दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार करतो. पण वाडीतल्या एकाही पोरीचा दाखला मी आधी पाहिला नव्हता.

वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेचा नियम साधा आहे. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १६ ते १९ असावे लागते. हिमाच्या दाखल्यावर दोनच वर्षे जास्त लागली असती, तर टाम्पेरेचे दार तिला बंद होते. आपल्या किती घरांत ही १ जून बसली आहे, ते आजच पाहा. मूल शाळेत असेपर्यंत नोंद दुरुस्त करून घ्या, शाळा सोडल्यावर ते फार अवघड होते. आणि वय चोरण्यासाठी मात्र कधीही कागद बदलू नका. खरे वय हीच आपली ताकद.

धावून पोट भरते का? महाराष्ट्रात शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. खेळाडू विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पण त्यासाठीही स्पर्धेची प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात. पत्र्याच्या पेटीत जातीचा दाखला ठेवता, त्याच्याशेजारीच ती ठेवा.

मैदान नाही असे म्हणू नका. सुकतीच्या वेळी आपल्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूचा लांबच लांब पट्टा मिळतो. रापण ओढायची नसेल तेव्हा टेपने २०० मीटर मोजा, दोन्ही टोकांना काठ्या रोवा. जाऊन येऊन ४०० मीटर झाले. घरात नाचणीची भाकरी आहे, कुळथाची पिठी आहे, बांगडा आहे. फक्त वाढताना मुलीच्या ताटात मुलाइतकाच तुकडा पडू द्या.

सगळ्याच मुली टाम्पेरेला जाणार नाहीत. हिमाची पुढची वाटही सरळ नव्हती. दुखापती आल्या, चाचणीसाठी ठावठिकाणा कळविण्याच्या नियमात चुकल्यामुळे बंदीही आली. मैदानावर नियम सर्वांनाच सारखा. आपल्याला तरी दुसरे काय हवे होते? सर्वांना सारखी रेघ आणि सर्वांना सारखे घड्याळ.

येत्या जयंतीला विहारासमोर गाण्यांच्या कार्यक्रमाआधी मुलींची एक शर्यत ठेवूया. नावे लिहून घ्यायला टेबलावर मी बसतो. येताना जन्मदाखला तेवढा आणा. आणि ती दाराआड उभी असलेली मुलगी वाचत असेल, तर तिला सांगतो : बाय, तुझा कागद दुरुस्तीला दिला आहे. तू ये.

जयभीम!