खारपाणपट्ट्यातील शेततळे : माशांना खाद्य किती द्यावे?

बुलडाणा जिल्ह्यात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांच्या बऱ्याच भागात विहिरीचे पाणी खारे आहे. त्यामुळे पावसाचे पाणी साठविणाऱ्या शेततळ्याला येथे विशेष महत्त्व आहे. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आल्यानंतर काही शेतकरी बंधूंनी तळ्यात कटला, रोहू व मृगळ सोडण्यास सुरुवात केली. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “साहेब, रोज किती किलो खाद्य टाकायचे?”

किलोचा ठरावीक आकडा सांगता येत नाही. खाद्य तळ्याच्या आकारावर नव्हे, तर तळ्यातील माशांच्या एकूण वजनावर ठरते. बोटुकली लहान असताना वजनाच्या 5 टक्के, मासा 100 ते 200 ग्रॅमचा झाल्यावर 3 टक्के व पुढे 2 टक्के खाद्य पुरते.

समजा, 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात 600 बोटुकली सोडली व त्यांपैकी 500 जगली. महिन्यातून एकदा जाळे टाकून 20 मासे काढावेत व ओल्या पोत्यात पटकन वजन करून परत सोडावेत. त्यांचे वजन 3 किलो भरले, तर एक मासा सरासरी 150 ग्रॅमचा झाला. म्हणजे तळ्यात 75 किलो मासा आहे व त्यास 3 टक्क्यांप्रमाणे दिवसाला सव्वादोन किलो खाद्य लागेल. पुढच्या महिन्यात पुन्हा वजन करून आकडा बदलावा.

खाद्य कमी पडले तर वाढ खुंटते. जास्त झाले तर मासे मरतात, आणि आपल्या पट्ट्यात हा धोका अधिक आहे. उरलेले खाद्य तळाशी कुजते, कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते व अमोनिया सोडते. हा अमोनिया किती विषारी ठरेल हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. 25 अंश तापमानात सामू 7 असेल, तर अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की सुमारे 5 टक्के व सामू 9 झाला की एक तृतीयांशाहून अधिक भाग विषारी होतो. लोणार सरोवराचा सामू 10 च्या आसपास असल्याने त्यात रोहू-कटल्याचा विचारच नको. आपले तळे काही लोणार नव्हे. परंतु चोपण जमीन, विहिरीच्या खाऱ्या पाण्याची भर आणि हिरवेगार पाणी असेल, तर भर दुपारी सामू 9 च्या जवळ जाऊ शकतो. सामू तपासण्याची कागदी पट्टी स्वस्त मिळते, ती घरी ठेवावी.

प्रस्तुत लेखकाच्या हातूनही पहिल्या वर्षी ही चूक झाली. श्रावणात चार दिवस ऊन नव्हते, तरी रोजची बादली चुकवली नाही. पाचव्या दिवशी पहाटे मोठे कटले पांढरी पोटे वर करून तरंगत होते.

भाताचा कोंडा व भुईमुगाची ढेप समभाग घेऊन भिजवावी व गोळे करावेत. सरकीची ढेप आपल्याकडे सहज मिळते, पण तिच्यातील गॉसिपॉल माशांना अपायकारक असल्याने तिच्यावरच भिस्त ठेवू नये. कच्चे सोयाबीन दळून घालू नये, ते माशाला नीट पचत नाही.

खाद्य पाण्यात फेकू नये. कोळंबी पाळणारे तळ्यात थाळी सोडून खाद्य उरले का ते पाहतात, तीच रीत येथे चालते. जुन्या टोपलीत खाद्य ठेवून ती दोरीने पाण्यात सोडावी व दोन तासांनी वर काढावी. खाद्य शिल्लक असेल तर दुसऱ्या दिवशी चौथा हिस्सा कमी करावा. टोपली लवकर रिकामी झाली तर थोडे वाढवावे. आकडेमोडीपेक्षा टोपलीवर अधिक विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे. खाद्य पहाटे न देता ऊन पडल्यावर, नऊच्या सुमारास द्यावे. दुसरा हप्ता चारच्या आत. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला असता तळवा दिसेनासा झाला, तर तळ्यात नैसर्गिक खाद्य भरपूर आहे असे समजून ढेप कमी करावी.

ढगाळ हवेत खाद्य निम्मे करावे किंवा बंदच ठेवावे. पौषातील थंडीत मासा खातच कमी, तेव्हाही हात आखडता घ्यावा. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद करावे व तळ्यातीलच वरचे पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत पाडावे. विहिरीचे खारे पाणी त्यावेळी सोडू नये.