भूकंप पेलणारी भिंत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यासारख्या गावांत आता खाली दुकानगाळे आणि वर बिऱ्हाडे अशा काँक्रीटच्या इमारती उभ्या राहतात. नकाशा ठरवताना शटर किती रुंद ठेवायचे यावर तासभर चर्चा होते. जमीन आडवी हलली तर धक्का कोण पेलणार, हा प्रश्न मात्र राहून जातो. त्यावरचा एक भरवशाचा उपाय म्हणजे शिअर वॉल: सळयांची जाळी बांधून ओतलेली काँक्रीटची उभी भिंत. तिच्याबद्दलचे काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज: आपल्याकडे भूकंप होत नाही.
वस्तुस्थिती: आयएस 1893 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नाशिक भूकंपक्षेत्र 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात मोडते. शेजारच्या कळवण तालुक्यात दळवट परिसराला सौम्य धक्के अनेकदा बसले आहेत. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी हादरले, तेव्हा तो भागही नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता.

गैरसमज: शिअर वॉल फक्त मुंबई-पुण्याच्या टॉवरना लागते.
वस्तुस्थिती: 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात, केंद्रापासून 200 किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत चार-पाच मजली इमारतीही कोसळल्या. अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर विटांच्या भिंतींमुळे ताठपणा आणि खाली नुसते कॉलम, त्यामुळे सगळी हालचाल तळमजल्यावर एकवटली. समोरून शटरच शटर असलेल्या गाळ्यांच्या मजल्यातही हाच कच्चेपणा येऊ शकतो. लहान इमारतीला नीट बांधलेली कॉलम-बीमची चौकट पुरेशी ठरू शकते, पण तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेब करून द्यायचा असतो.

गैरसमज: कॉलम थोडे जाड केले की तेच काम होते.
वस्तुस्थिती: भिंतीचे बळ तिच्या लांबीत आहे. फूटपट्टी सपाट धरली तर सहज वाकते, कडेवर धरली तर वाकत नाही. भिंतीची लांबी दुप्पट झाली की त्या दिशेने वाकण्याला होणारा तिचा विरोध आठपट होतो. म्हणून धक्क्याचा मोठा वाटा ती स्वतः उचलते आणि मजले कमी झुलतात. मात्र ती लांबीच्या दिशेनेच ताठ असते, त्यामुळे भिंती इमारतीच्या दोन्ही दिशांना लागतात.

गैरसमज: लिफ्टभोवती काँक्रीटची भिंत आहे, म्हणजे झाले.
वस्तुस्थिती: लिफ्ट एका कोपऱ्यात असेल आणि बाकी कुठेच भिंत नसेल, तर इमारत त्या कोपऱ्याभोवती पिळली जाते आणि दूरच्या टोकाचे कॉलम सर्वाधिक हलतात. भिंतींची मांडणी समतोल हवी आणि प्रत्येक भिंत पायापासून गच्चीपर्यंत अखंड हवी. गाळा मोठा करायला तळमजल्यावर भिंत तोडली, तर जिथे सर्वाधिक जोर येतो तिथेच ती नाहीशी होते.

गैरसमज: शिअर वॉल असली की तडाही जाणार नाही.
वस्तुस्थिती: मोठ्या भूकंपात इमारतीचे नुकसान झाले तरी ती कोसळू नये, हा मानकाचा हेतू आहे. चिलीत 2010 साली 8.8 तीव्रतेच्या भूकंपात शिअर वॉलच्या बहुतेक इमारती टिकल्या. पण काही ठिकाणी पातळ भिंतींची टोके चिरडली, कारण तिथे सळया पुरेशा बांधलेल्या नव्हत्या. आयएस 13920 या भारतीय मानकानुसार अशी भिंत किमान 150 मिलिमीटर जाड हवी. टोकांना उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ हव्यात आणि रिंगेचा हूक 135 अंशांत आत वळलेला हवा. 90 अंशांत वाकवलेला हूक बाहेरचे काँक्रीट निखळताच उघडतो आणि उभ्या सळया मोकळ्या होतात. काँक्रीट ओतल्यावर यातले काही दिसत नाही, म्हणून तपासणी ओतण्याआधीच व्हायला हवी.

जुन्या इमारतीत शिअर वॉल नंतरही घालता येते, पण नवा पाया आणि जुन्या स्लॅब-कॉलमशी जोड यांमुळे काम अवघड आणि खर्चिक होते. म्हणून खोदाई सुरू होण्याआधी इंजिनिअरला तीन प्रश्न विचाराच: धक्का पेलण्याची सोय दोन्ही दिशांना आहे का? भिंती पायापर्यंत अखंड आहेत का? तळमजला वरच्या मजल्यांपेक्षा कच्चा तर नाही ना? उत्तरे तोंडी घेऊ नका, नकाशावर दाखवून घ्या.